शेवटच्या रांगेतले न्यायाधीश

उजवा हात कोपरातून उचलायचा, तळवा समोर धरायचा आणि हळू आवाजात विचारायचं, "तो इथे आहे का?"

कुणाविषयी तक्रार सुरू झाली की ते एवढंच करत. आपण म्हणावं, नाही, तो इथे कसा असेल? मग हात खाली यायचा. "मग राहू द्या. तो आला की बोलू."

हा हात मला पहिल्यांदा दिसला तो प्लेनोत, आमच्या वसाहतीच्या मागच्या पायवाटेवर. ऑफिसला जाण्याआधी मी तिथे चालते आणि चालता चालता नागपूरला आईशी फोनवर बोलते. आदल्या दिवशी माझ्या मॅनेजरनं माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं होतं आणि मी आईला ते सविस्तर सांगत होते. बाकावर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसले होते. अंगात लांब करडा अंगरखा, पायात लेकीनं घेऊन दिलेले भडक निळे बूट. त्यांनी हात वर केला आणि स्वच्छ मराठीत तो प्रश्न विचारला. टेक्सासमध्ये बाकावरून असं काही ऐकू येईल याची कुणाची तयारी असते? मी फोनच बंद केला.

"माफ करा," ते म्हणाले, "मराठीत निंदा ऐकून फार वर्षं झाली. राहवलं नाही."

आमची ओळख ही अशी झाली.

इथल्या मराठी मंडळातली माणसं त्यांना काका म्हणत. त्यांच्या इमामबाड्यातली माणसं मौलानांना म्हणतात तसं आदरानं किब्ला म्हणत. त्यांची बायको मात्र अखेरपर्यंत जजसाहेबच म्हणत राहिली. काकूंची स्मृती तेव्हाच विरत चालली होती. आपण अजून कुठल्यातरी तालुक्याच्या सरकारी बंगल्यात आहोत असं त्यांना वाटे, आणि शिपाई अजून दूध घेऊन का आला नाही याची त्या रोज चौकशी करत. काका रोज उत्तर देत, "येतोय. वाटेत आहे." मग स्वतः उठून फ्रिजमधलं दूध आणून ठेवत. त्यांच्या घरात मी एवढा एकच खोटेपणा पाहिला.

ते मूळचे मराठवाड्यातले. वडील गावच्या आशूरखान्यात मोहर्रमच्या मजलिसी, म्हणजे शोकसभांतली प्रवचनं, वाचत. काका मराठी शाळेत शिकले, मग लखनौच्या मदरशात गेले आणि तिथून दोन वर्षं परदेशी, नजफला. परतले ते मौलानांचा पांढरा फेटा, अमामा, बांधून. गावाला वाटलं, वडिलांची जागा आता हाच चालवणार. पण वडिलांनीच त्यांना वाट बदलायला लावली. ते म्हणाले, "मिंबर तो सब माँगते हैं बेटा. अदालत का बोझ कौन माँगता है?" मिंबर म्हणजे प्रवचनकाराचं पायऱ्यांचं आसन. मुलानं अमामा पत्र्याच्या पेटीत ठेवला, औरंगाबादला कायदा शिकला, परीक्षा दिली आणि दिवाणी न्यायाधीश झाला. दर तीन वर्षांनी बदली, दर वेळी नवं गाव, अशी ती नोकरी जिल्हा न्यायाधीश होऊन संपली.

नोकरीत असेपर्यंत ते मिंबरवर कधी चढले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "एका माणसानं दोन उंच जागांवर बसू नये. मान आखडते."

त्यांची मराठी निकालपत्रातली होती. काकू झोपल्या की आम्ही स्वयंपाकघरात चहा घ्यायचो. कप तोंडाला लावून ते म्हणायचे, "सदर चहात साखर दिसून येत नाही." मी डबा पुढे करायचे. "नोंद घेतली," ते म्हणायचे आणि दोन चमचे घालून घ्यायचे. लेकीनं ते बंद केले होते.

एकदा मंडळातले दोन इंजिनियर पार्किंगच्या जागेवरून भांडले आणि निवाड्यासाठी त्यांच्याकडे आले. "काका, ह्यानं लिटरली माझ्या स्पॉटवर व्हॅन लावली," एक सुरू झाला. या खेपेला दुसरा समोरच होता, त्यामुळे हात वर करायला वाव नव्हता. काकांनी दोघांना कोरे कागद दिले आणि आपापलं म्हणणं मराठीत लिहायला सांगितलं. अर्ध्या तासात एकाच्या सात ओळी झाल्या, दुसऱ्याच्या चार. चारवाला म्हणाला, "यार, 'अतिक्रमण' कसं लिहितात?" आणि सातवाल्यानं त्याला ते लिहून दिलं. काकांनी दोन्ही कागद घडी घालून खिशात टाकले. "वादी आणि प्रतिवादी यांच्यात सहकार्य आढळून आले. दावा निकाली."

तुम्हीही अशी निवृत्त माणसं पाहिली असतील. खुर्ची सुटते, पण पाठ ताठच राहते. मलाही बराच काळ वाटत होतं की हे त्यातलेच एक.

त्यांच्या इमामबाड्याचे तरुण मौलाना दुसऱ्या राज्यात निघून गेले तेव्हा कमिटीनं नमाजात पुढे उभं राहायची विनंती काकांना केली. पत्र्याची पेटी उघडली. दोन वर्षं ते पुढे उभे राहिले, मोहर्रममध्ये मिंबरवरही बसले. मी एकदा बायकांच्या बाजूला बसून त्यांना ऐकलं. ते ओरडत नव्हते. करबल्याची हकिकत ते साक्षीपुरावा वाचून दाखवावा तशी सांगत होते, आणि त्यामुळेच लोक जास्त रडत होते.

आणि एका शुक्रवारी ते पुढे गेले नाहीत. शेवटच्या रांगेत, बुटांच्या कप्प्यांपाशी जाऊन उभे राहिले. लोकांना वाटलं गुडघे दुखत असतील. मग वाटलं, कमिटीचं कुणी काही बोललं असेल. नवे मौलाना येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी वेळ निभावली. काकांनी कुणालाच काही सांगितलं नाही. मला माहीत होतं, कारण त्याच आठवड्यात मी त्यांना नागरिकत्वाच्या मुलाखतीला घेऊन गेले होते.

त्यांची मुलगी कामासाठी परगावी गेली होती. काकूंना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यांनाही सोबत घेतलं. काका आत गेले. मी बाहेर काकूंचा हात धरून बसले. पाच मिनिटांत त्या मला ओळखेनाशा झाल्या आणि हात सोडवून घेऊन त्या उठल्या. शिपायाला शोधायला निघाल्या होत्या. मी त्यांना बसवायचे, त्या पुन्हा उठायच्या. तेवढ्यात आतलं दार उघडलं. एका तरुण अधिकारी मुलीनं त्या दाराला खुर्ची लावून ते उघडंच ठेवलं, आमच्याकडे पाहून ती हसली आणि आपल्या टेबलाशी परत गेली. आतून काका आम्हाला दिसत होते आणि त्यांना आम्ही.

मुलाखत छान झाली होती. तरी परतताना हायवेवर ते बोलेनात. मी विचारलं, काही अवघड विचारलं का? तेव्हा ते सांगू लागले. प्रत्येक उत्तराआधी ते दाराकडे बघत होते. ती मुलगी थांबली आणि तिनं विचारलं, तुम्ही सारखे तिकडे बघता, बाहेर कुणी आहे का? त्यांनी सांगितलं, बायको आहे, तिला विसर पडतो, ती उठून चालू लागेल. तिनं पेन खाली ठेवलं आणि उठून दार उघडलं.

"ताई," ते म्हणाले, "तिनं विचारलं. मी विचारलं नव्हतं."

मग त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली. वीसएक वर्षांपूर्वी, विदर्भातल्या एका तालुक्याच्या कोर्टात, नवऱ्याच्या घरावर हक्क सांगणारी एक विधवा. लग्न पाटाचं होतं. विधवेचा दुसरा विवाह, थोड्या माणसांत उरकलेला. ना पत्रिका ना फोटो, आणि लावून देणारा भटजी मेलेला. दीर म्हणत होता, पाट लागलाच नाही, ही नुसतीच ठेवलेली. बाई साक्षीला उभी राहिली आणि दर उत्तराआधी दाराकडे बघू लागली. साक्षीदार कसा वागतो याची टीप न्यायाधीशाला नोंदवता येते. काकांनी ती सांगितली आणि लघुलेखकानं लिहून घेतली: साक्षीदार प्रत्येक उत्तराआधी दाराकडे बघते, पढवलेली दिसते. त्या ओळीवर त्यांनी निकाल उभा केला. दावा फेटाळला. अपिलाची तिची ऐपत नव्हती.

"तिचंही कुणी असेल बाहेर," ते म्हणाले. "आजारी पोर असेल. म्हातारी आई असेल. मी तिला खोटी ठरवून मोकळा झालो, आणि त्या दिवशी दुपारचं जेवणही वेळेवर जेवलो."

त्यांच्या पंथात नमाजात पुढे उभा राहणारा माणूस 'आदिल' असावा लागतो, म्हणजे न्यायानं वागणारा. मागच्यांचा तसा भरवसा हवा आणि त्याच्या स्वतःच्या मनाचाही. मी माझ्या परीनं समजूत घातली. एवढ्या वर्षांत हजारो निकाल दिलेत, तुमचा देव हे एक माफ करणार नाही का? ते म्हणाले, "देवाचा अपराध देव माफ करतो. माणसाचा माणसानंच करायचा असतो. तिथे त्याला अधिकारक्षेत्र नाही." एरवी मी या वाक्यावर हसले असते.

डिसेंबरात मी नागपूरला निघाले तेव्हा त्यांनी एका चिठ्ठीवर गावाचं आणि त्या बाईचं नाव लिहून दिलं. माफी मागून आणा असं म्हणाले नाहीत. "दाराबाहेर कोण होतं, एवढंच विचारा," म्हणाले.

नागपूरहून ते गाव बसनं तीन तासांवर आहे. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस टेबल टाकून बसले होते. नाव ऐकताच त्यांनी गल्ली सांगितली. मी विचारलं, तिचा पाट खरंच लागला होता का हो? ते म्हणाले, "लागला म्हणजे? मीच जेवलो ना त्या दिवशी. अख्खी गल्ली जेवली." मग साक्षीला का नाही आलात, हे मी विचारलं नाही. त्यांनीच चष्मा पुसत सांगितलं, दिराची गावात फार चलती होती.

बाई साठीच्या पुढच्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. मोठं पातेलं घासता घासता त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. जजसाहेबांचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. दार आठवत होतं.

"माहा भाऊ होता बाहेर," त्या म्हणाल्या. "वकील म्हणे पाटाची तारीखच सांग. तारीख कोणाच्या ध्यानात राह्यते? तुरी सोंगून झाल्या होत्या, एवढं मले माहीत. भाऊ म्हणे, तू तिकडं उभी राह्य, मी बोटानं दाखवतो. मंग मी बघे आन् सांगे."

एवढ्या लांबून मी एक आजारी पोर शोधत आले होते.

"पण मी खोटारडी नव्हती बाई," त्या म्हणाल्या. "तारीख भावाची होती. पाट तर माहाच होता ना?"

मग पातेलं पालथं घालून त्यांनी विचारलं, तो निकालाचा कागद अजून कोर्टात असेल का? मी म्हटलं, असेल. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी दिरानं त्या कागदाची नक्कल पाहुण्यांच्या हातात दिली होती, असं त्या म्हणाल्या. आई खोटी, लग्न खोटं, मग पोर कुणाची? ती सोयरीक मोडली. पुढे मुलीचं दुसरीकडे झालं, बरं चाललं आहे. "घर गेलं तं गेलं," त्या म्हणाल्या. "त्यायले विचारजो, ते खोडता येते का."

प्लेनोला परतल्यावर मी काकांना सगळं सांगितलं, भावाच्या बोटांसकट. वाटेत, विमानात, मनात आलं होतं की तेवढं गाळावं. पण त्यांच्यासमोर बसल्यावर ते जमेना.

ते डोळे मिटून ऐकत होते. "म्हणजे मी पाहिलं ते बरोबर होतं," ते म्हणाले. आतल्या खोलीतून काकूंनी शिपायाची चौकशी केली. या वेळी काकांनी उत्तर दिलं नाही. "आणि ठरवलं ते चूक."

ती ओळ खोडता येणार नव्हती. निकालावर सही झाली की न्यायाधीशाचा हात तिथेच संपतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण नवा कागद लिहायला कुणाची बंदी नव्हती. पंधरा दिवस ते लिहीत होते. लेकीच्या प्रिंटरमधले कागद, शाईचं पेन. पहिला मसुदा तीन पानी होता, त्यात नजफ होतं, वडील होते, पश्चात्ताप होता. दर खेपेला ते काहीतरी कापत गेले. "हे माझ्याविषयी आहे, तिला याचा उपयोग नाही," असं म्हणून नजफ गेलं, वडील गेले. शेवटी जे राहिलं ते असं:

"श्रीमती अमुक यांनी माझ्यासमोर साक्ष दिली. त्या दाराकडे बघत होत्या, असे मी नोंदवले, ते खरे आहे. त्यावरून त्या खोटे बोलतात असे मी ठरवले, ते चूक आहे. का बघता, असे मी त्यांना विचारायला हवे होते. मी विचारले नाही. त्यांचा विवाह झाला होता. त्या खरे बोलत होत्या."

अमुकच्या जागी पूर्ण नाव होतं. खाली त्यांची सही, हुद्दा, 'निवृत्त' हा शब्द, आणि साक्षीदार म्हणून त्यांच्या लेकीची सही आणि माझी. मी तो कागद कुरिअरनं पाठवला.

तीन आठवड्यांनी बाईंनी मुलीच्या मोबाईलवरून मला फोन केला. कागद पोचला. पोरीनं दोनदा वाचून दाखवला. मग बाजारात जाऊन त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

काकांनी विचारलं, "माफीविषयी काही म्हणाल्या?"

"नाही. लॅमिनेट केला म्हणाल्या."

ते पुष्कळ दिवसांनी हसले. "प्लॅस्टिकमध्ये बंद. आता मलाही फेरबदल करता येणार नाही." मग गंभीर होऊन म्हणाले, "त्यांना पुन्हा विचारू नका हं. मागून घेतलेली माफी म्हणजे पढवलेली साक्ष."

आणि ते शेवटच्या रांगेतच उभे राहिले. नवे मौलाना दर शुक्रवारी मागे येऊन त्यांचा हात धरत, पुढे चला म्हणत. काका छातीवर हात ठेवून मान हलवत. दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात ते खुर्चीवर बसून नमाज पढू लागले, पण खुर्ची त्याच रांगेत, बुटांच्या कप्प्यांपाशी.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. पहाटेची नमाज झाली आणि ते अंथरलेल्या मुसल्यावरच कलंडले. तिला फार बोलवत नव्हतं. दुपारी नेणार होते.

विचारू नका, असं ते म्हणाले होते. पण कळवू नका असं म्हणाले नव्हते. तिकडे संध्याकाळ झाली होती. मी बाईंना फोन लावला आणि एवढंच सांगितलं की साहेब गेले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"बायको कशी हाय त्यायची?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, त्यांना अजून नीट कळलेलं नाही.

"कवा नेतेत?"

"इथल्या दुपारी. पाच-सहा तासांनी."

"तू जाशील तिथं?"

"हो, मावशी."

"मंग सांगजो." त्या म्हणाल्या, "माहं त्यायच्याकडं काही राह्यलं नाही."

मी विचारलं, माफ केलं असं सांगू का? त्या म्हणाल्या, "मी म्हटलं तेच सांगजो."

कबरस्तान गावाबाहेर आहे, सपाट माळावर, आणि टोल रोडची घरघर तिथे सतत ऐकू येते. वारा बोचरा होता. काकू गाडीत बसल्या होत्या, शेजारी त्यांची सांभाळणारी बाई. आम्ही बायका मागे, एका तंबूच्या कडेला उभ्या होतो. पांढऱ्या कफनातला तो देह मला फार लहान वाटला. नमाजाआधी मौलानांनी लोकांकडे तोंड केलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे विचारलं, आधी इंग्रजीत, मग उर्दूत. या माणसाकडे कुणाचा काही हक्क राहिला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर त्यानं आता माफ करावं. माणसं खाली बघत पुटपुटली, माफ केलं, माफ केलं. त्यांच्यातल्या कुणाचं काकांनी काय बिघडवलं असणार?

मी त्यांच्या धर्मातली नाही. तिथे बोलण्याचा मला काय अधिकार, असं एकदा मनात येऊन गेलं. पण निरोप माझा नव्हता. मी हात वर केला आणि बाईंचं वाक्य जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत म्हटलं. वाऱ्यात ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

मौलानांना मराठी येत नव्हती. त्यांनी गोंधळून मुलीकडे पाहिलं. ती रडत होती. तिनं ओढणी तोंडावरून बाजूला केली आणि उर्दूत त्यांना सांगितलं, हे कुणी पाठवलं आहे आणि काय आहे ते. तेव्हा त्यांना कळलं, आणि मला वाटतं तो माणूस इतके दिवस मागे का उभा राहत होता तेही त्यांना तिथेच कळलं. ते चार पावलं आमच्या दिशेनं आले. लोकांनी मधे वाट करून दिली.

"इधर आइए, बहन," ते म्हणाले, "पास आकर, जरा ऊँची आवाज में कहिए. उन तक पहुँचना चाहिए."

मी पुढे गेले, जनाज्यापाशी उभी राहिले आणि पुन्हा सांगितलं.